प्रोग्रॅम विकत घेतला, मग तो आपला का नाही?



२०२३ च्या सप्टेंबरात झालेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेवरचे सर्व विषय संपून आभाराची वेळ आली होती. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक जुने सभासद उठले. वय सत्तरीच्या पुढचे, हातात अहवालाचे पुस्तक, त्यात बोट घातलेले. म्हणाले, "अध्यक्ष साहेब, येक इचारायचं राह्यलं. हितं लिहिलंय का ऊस नोंदणीचा प्रोग्रॅम नव्यानं करावा लागंल. मागल्या टायमाला तुम्हीच सांगितलं व्हतं का प्रोग्रॅम इकत घेतला. आपण पैसे मोजले ना? मंग तो आपला का नाही?"

सभेत थोडा हशा पिकला. पण अध्यक्ष हसले नाहीत. "नानांनी बरोबर जागी बोट ठेवले आहे. याचे उत्तर पत्रिकेतून सविस्तर आले पाहिजे," असे त्यांनी सांगितले आणि ते काम आमच्याकडे आले. नवी व्यवस्था एक पूर्ण हंगाम चालवून पाहावी आणि मगच लिहावे, असे आम्ही ठरविले. तो हंगाम पार पडला आहे. नानांचे उत्तर आता देता येईल.

डिसेंबरातले चार दिवस

२०२२-२३ च्या हंगामात डिसेंबरमध्ये काय झाले ते बहुतेकांना आठवत असेल. गाळप रंगात आले होते, यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग होती. पहाटेच्या पाळीत संगणक विभागातला सर्व्हर बंद पडला. सर्व्हर म्हणजे सगळ्या संगणकांचे मधले दप्तर. काट्यावरचे वजन, शेतकी ऑफिसातली ऊस नोंद, चिटबॉयने दिलेली तोडणी चिठ्ठी, वाहतुकीचे बिल, सभासदाचे खाते, सारे तेथे जमा होते. मशीन आठ वर्षांचे, त्याचा मुख्य बोर्डच जळाला.

आमच्या ऑपरेटर मंडळींचे कौतुक केले पाहिजे. रोज रात्री माहितीची प्रत काढून ठेवण्याची शिस्त त्यांनी कधी मोडली नव्हती. त्यामुळे एकाही सभासदाचे एक किलोही वजन गेले नाही. नाशिकहून दुसरे मशीन त्याच दिवशी आले, संध्याकाळपर्यंत माहिती त्यावर चढली. प्रोग्रॅम उघडला आणि पडद्यावर अक्षरे आली: हे मशीन ओळखीचे नाही, नवी किल्ली द्या.

ही किल्ली लोखंडाची नव्हे. ज्या कंत्राटदाराने प्रोग्रॅम बसविला, त्याने जुन्या मशीनच्या क्रमांकाशी जोडून दिलेला तो एक लांबलचक आकडा होता. मशीन बदलले की आकडा निरुपयोगी. फोन केला. उत्तर आले, "तुमचा परवाना त्या मशीनपुरता होता. नव्या मशीनला नवा परवाना, नवे पैसे. आणि आमचा माणूस सोमवारी येईल."

चार दिवस काट्यावर हाताने पावत्या फाडल्या. तीन पाळ्यांतले कारकून कार्बन घालून लिहीत होते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून चौदा दिवसांत पैसे देणे कारखान्यावर बंधनकारक, उशीर झाला तर वार्षिक पंधरा टक्के व्याज. हातपावत्या पुन्हा संगणकात भरता भरता तो पंधरवडा ओढाताणीचा गेला. गट ऑफिसच्या ओट्यावर सभासद बसून राहिले. कुणाला सोसायटीचा हप्ता भरायचा होता, कुणाच्या घरी लग्नकार्य होते. बिल नेमके कशावर अडले, हे त्यांना कोणी सांगू शकले नाही, कारण आम्हालाच ते नीट कळले नव्हते.

एकाने आपुलकीनेच सल्ला दिला, "कुठून तरी चालू कॉपी आणा आणि टाका, कोण बघतंय?" ते केले नाही, हे बरे झाले. कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम ६३ ब नुसार, चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली तर सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी शिक्षा आहे. सभासदांच्या संस्थेने त्या वाटेला जाऊ नये.

अखेर पैसे भरले, किल्ली आली, काटा चालू झाला. दोष एकट्या त्या कंत्राटदाराचा नाही, हेही लिहिले पाहिजे. करारावर आमची सही होती. किंमत आम्ही तीन वेळा घासाघीस करून पाहिली होती. परवान्याचे पान मात्र कोणी वाचले नव्हते.

बेणे आणि काडी

परवाना हा शब्द आपल्याला नवा नाही. साखर आयुक्तांचा गाळप परवाना असल्याशिवाय गव्हाणीत मोळी पडत नाही. कारखाना आपला, ऊस आपला, तरी परवानगी घ्यावीच लागते. सॉफ्टवेअरचे तसेच आहे. दुकानातून आणलेला नांगर आपला होतो. तो शेजाऱ्याला द्या, विका, मोडून त्याची पहार करा. सॉफ्टवेअरचे पैसे भरले म्हणजे बहुतेक वेळा वस्तू मिळत नाही, वापरण्याची परवानगी मिळते. कोणत्या मशीनवर, किती माणसांनी, किती दिवस, कोणत्या कामाला, हे त्या परवानगीत लिहिलेले असते. त्यालाच लायसन्स म्हणतात.

शेतीतले उदाहरण घेऊ. को ८६०३२ हे उसाचे वाण कोईमतूरच्या संशोधन केंद्रातून आले. पाडेगावच्या केंद्रातून फुले २६५ आले. आपण त्याचे बेणे आणले, लावले, चांगले आले तर पाहुण्यांना दिले. द्राक्षातही तसेच. तासगावकडे थॉमसनच्या बागेत वेगळी वेल दिसली, ती निवडून तास-ए-गणेश झाले आणि काड्या बागेबागेतून हिंडल्या. आता दुसरी तऱ्हाही आली आहे. आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्समार्फत आरा नावाची परदेशी द्राक्षवाणे आली. ती लावायची तर परवान्याने. काडी तोडून मेहुण्याच्या बागेत लावता येत नाही. मालाला भाव मिळतो म्हणून शेतकरी ती अट समजून-उमजून पत्करतो. यात गैर काही नाही. फक्त काडी घेण्याआधी अट माहीत पाहिजे.

सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्येही या दोन तऱ्हा आहेत. बंद आणि खुली. आणि दोन्हींत पोटभेद आहेत.

बंद सॉफ्टवेअरची मोजणी

बंद सॉफ्टवेअरमध्ये मोजमाप कशाने होते, ते आधी पाहावे. येथेच बहुतेक संस्था फसतात.

मायक्रोसॉफ्ट कंपनीचे विंडोज सर्व्हर घ्या. २०१६ च्या आवृत्तीपासून त्याचा परवाना मशीनवर नव्हे, तर मशीनच्या मेंदूतल्या 'कोअर'वर मोजतात. दर प्रोसेसरला किमान आठ आणि दर सर्व्हरला किमान सोळा कोअरचा परवाना घ्यावाच लागतो. म्हणजे कोअर चारच असले तरी पैसे सोळांचे. उलट कोणी हौसेने बत्तीस कोअरचे दांडगे मशीन आणले तर परवानाही बत्तीसचा. मशीनवाला सांगतो, "साहेब, थोड्या पैशांत डबल ताकद मिळते." परवान्याचे बिल दुप्पट होते, ते तो सांगत नाही. म्हणून आधी सॉफ्टवेअरचा परवाना वाचावा आणि मग मशीन ठरवावे. आम्ही नेमके उलटे करीत आलो होतो.

एवढ्यावर भागत नाही. सर्व्हरकडून काम करून घेणाऱ्यांचाही परवाना लागतो. तो दोन प्रकारे घेता येतो, माणशी किंवा संगणकागणिक. आपल्या काट्याचे पाहा. संगणक एक, पण पाळ्या तीन. माणशी घेतला तर तीन परवाने आणि सुटीचा बदली कारकून धरला तर चार. संगणकागणिक घेतला तर एकच. उलट शेतकी अधिकाऱ्याचे. ते ऑफिसातला संगणक, लॅपटॉप आणि मोबाइल तिन्ही वापरतात, तेथे माणशी एक परवाना परवडतो. हे लग्नाच्या पंगतीसारखे आहे. पाने मोजायची की पाट मोजायचे, हे आधी ठरले नाही तर आचाऱ्याशी भांडण ठरलेले. मध्ये एक संगणक घालून सगळ्यांची कामे त्याच्यामार्फत पाठविली म्हणजे मोजणी कमी होईल, असे काहींना वाटते. तसे होत नाही. पलीकडे बसलेले सगळे मोजले जातात.

मशीनबरोबर स्वस्तात आलेला परवाना हाही एक प्रकार आहे. त्याला ओईएम म्हणतात. तो त्या मशीनबरोबर जन्मतो आणि त्याच्याबरोबरच मरतो. नव्या मशीनवर तो नेता येत नाही. सुटा घेतलेला परवाना महाग पडतो, पण बहुधा दुसऱ्या मशीनवर नेता येतो.

काही कंपन्या आपल्या डेटाबेसचे छोटे रूप बिनपैशाने देतात. डेटाबेस म्हणजे नोंदींची मोठी खतावणी. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरच्या एक्सप्रेस नावाच्या रूपात २०२२ च्या आवृत्तीपर्यंत एका खतावणीला दहा जीबीची मर्यादा होती. लहान पतसंस्थेला ते वर्षानुवर्षे पुरेल. पण हंगामात रोज हजारो नोंदी पडणाऱ्या ठिकाणी हौद भरायला किती दिवस लागतील, याचा हिशेब आधी मांडला पाहिजे. भरला की नवी नोंद घेत नाही. मग मोठे रूप विकत घेण्याशिवाय इलाज राहत नाही, तेही ऐन हंगामात, म्हणजे घासाघीस करण्याची सवड नसताना.

खुले म्हणजे फुकट नव्हे

आता दुसरी तऱ्हा. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचा उपक्रम जाहीर केला. सॉफ्टवेअर वापरण्याची, त्याची घडण पाहण्याची, ती सुधारण्याची आणि इतरांना देण्याची मोकळीक प्रत्येकाला असावी, असे त्यांचे म्हणणे. ही मोकळीक कोणी पुढे बंद करू नये म्हणून त्यांनी १९८९ मध्ये जीपीएल नावाचा परवाना लिहिला. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा तयार केला आणि पुढच्या वर्षी तो त्याच परवान्याखाली आणला. आज जगातले असंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात.

जीपीएलची अट आपल्या भाषेत सांगायची तर अशी: बेणे घ्या, लावा, सुधारा. सुधारलेले बेणे दुसऱ्याला दिले, तर ते कसे सुधारले तेही द्या आणि त्यालाही पुढे देण्याची मोकळीक ठेवा. आपल्याच रानात ठेवले, तर कुणाला काही सांगण्याचे बंधन नाही. एजीपीएल नावाचा त्याचा भाऊ थोडा कडक आहे. सुधारलेले सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर ठेवून बाहेरच्यांना जाळ्यावरून वापरायला दिले, तरी त्या वापरणाऱ्यांना घडण द्यावी लागते.

याहून सैल परवानेही आहेत. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात सुरू झाला. १९९६ पासून पोस्टग्रेएसक्यूएल या नावाने तो चालतो. त्याचा परवाना अर्ध्या पानाचा आहे. वापरा, बदला, वाटा, विका. मूळ हक्काची नोंद तेवढी पुसू नका आणि नुकसान झाले तर आम्हाला धरू नका.

हे शेवटचे वाक्य सभासदांनी नीट वाचावे. नुकसान झाले तर धरायला कोणी नाही. खुले सॉफ्टवेअर घेतले म्हणजे परवान्याचे पैसे वाचतात, माणसाचे वाचत नाहीत. सर्व्हरची देखभाल करणारा जाणता माणूस ठेवावा लागतो किंवा सेवेचा करार करावा लागतो. रेड हॅटसारख्या कंपन्या यावरच उभ्या आहेत. सॉफ्टवेअर खुले, पण दुरुस्त्या आणि आधार यांची वर्गणी. विहिरीचे पाणी फुकट असते, मोटार आणि विजेचे बिल नसते असे नाही.

खुल्या सॉफ्टवेअरचे उदाहरण लांबचेच द्यायला हवे असे नाही. ईआरपीनेक्स्ट हे खरेदी, भांडार, हिशेब आणि पगार सांभाळणारे सॉफ्टवेअर आपल्या मुंबईत फ्रॅपे कंपनीने घडविले आणि जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली खुले केले. ते मारियाडीबी नावाच्या डेटाबेसवर चालते. त्या मारियाडीबीची कथाही बोधप्रद आहे. मायएसक्यूएल हा खुला डेटाबेस स्वीडनमधल्या कंपनीचा. ती कंपनी २००८ मध्ये सन कंपनीने घेतली आणि सनला २०१० मध्ये ओरॅकलने. बंद डेटाबेस विकणाऱ्या कंपनीच्या हाती हे जाणार असे दिसताच मूळ कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्येच त्याची वेगळी शाखा काढली. थोरल्या मुलीचे नाव माय, तिच्यावरून पहिले नाव होते. धाकटी मारिया, तिच्यावरून दुसरे. परवाना खुला होता म्हणूनच हे जमले. बेणे वाटले गेले होते, ते कोणाला परत मागता आले नाही.

आपल्या केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये सरकारी कामात खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण काढले. कारणांत खर्च होता, तसेच एकाच विक्रेत्यावर अवलंबून न राहणे हेही होते.

परवाना मध्येच बदलला तर?

खुले घेतले म्हणजे सुटलो, असे समजू नये. सेंटओएस नावाचे लिनक्सचे बिनपैशाचे रूप जगभर सर्व्हरवर होते. त्याची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत चालेल, या भरवशावर लोकांनी ती बसविली. २०२० च्या डिसेंबरात रेड हॅटने जाहीर केले की तिच्या दुरुस्त्या ३१ डिसेंबर २०२१ रोजी बंद होतील. हजारो संस्थांना वर्षभरात बिऱ्हाड हलवावे लागले. समाधान एवढेच की घडण खुली असल्यामुळे २०२१ मध्येच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स अशी दोन रूपे उभी राहिली आणि लोक तेथे गेले.

रेडिस नावाचे आणखी एक सॉफ्टवेअर २०२४ च्या मार्चमध्ये खुल्या परवान्यावरून अटींच्या परवान्यावर गेले. लगेच वाल्की नावाने त्याची खुली शाखा निघाली. बंद सॉफ्टवेअरमध्ये अशी शाखा काढता येत नाही. एका मशीनवर अनेक सर्व्हर चालविण्याचे व्हीएमवेअरचे सॉफ्टवेअर ब्रॉडकॉमने २०२३ च्या नोव्हेंबरात घेतले आणि पुढच्याच महिन्यात कायमचा परवाना विकणे बंद केले. पुढे नवे घ्यायचे तर वर्गणीनेच.

म्हणजे बदल दोन्हीकडे होतात. फरक आहे तो बदल झाल्यावर आपल्यापाशी वाट उरते की नाही, यात.

नानांच्या प्रश्नाचे उत्तर

आता मूळ प्रश्न. पैसे मोजले, मग प्रोग्रॅम आपला का नाही?

आमच्या वकिलांनी कॉपीराइट कायदा उघडून दाखविला. कलम १७ प्रमाणे लेखन ज्याने केले तो त्याचा पहिला मालक. नोकराने नोकरीच्या कामात लिहिले, तर वेगळा करार नसल्यास मालकी संस्थेची. कंत्राटदाराने लिहिले, तर मालकी कंत्राटदाराची, जरी पैसे आपण दिले असले तरी. ती आपल्याकडे यायची तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशी हस्तांतर पाहिजे. त्या लेखात मुदत लिहिली नसेल, तर ती पाचच वर्षांची धरतात. संगणकाचा प्रोग्रॅम हा या कायद्यात लेखनातच मोडतो.

आपल्या जुन्या कराराला असले हस्तांतर नव्हते. आपण घेतली होती ती परवानगी, आणि तीही एका मशीनपुरती. म्हणून नाना, प्रोग्रॅम आपला नव्हता. पण त्यातली माहिती, म्हणजे तुमच्या उसाचे वजन, तुमचे क्षेत्र, तुमचे खाते, ही मात्र कारखान्याची आणि पर्यायाने तुमची होती. चूक झाली ती ही की आपला माल आपण दुसऱ्याच्या कुलपात ठेवला आणि किल्लीची अट वाचली नाही.

सुरक्षेसाठी प्रत काढून ठेवण्याची मोकळीक कायदा देतो, कलम ५२ मध्ये ती आहे. आपल्याकडे प्रत होती. पण प्रत असून उपयोग झाला नाही, कारण ती उघडायची किल्ली आपल्याकडे नव्हती.

आम्ही काय केले

संचालक मंडळाने एक उपसमिती नेमली. तिने सगळे खुले किंवा सगळे बंद असा हट्ट धरला नाही.

ऊस नोंद, तोडणी कार्यक्रम आणि ऊस बिल हे मधले दप्तर डेबियन नावाच्या लिनक्सवर आणि पोस्टग्रेएसक्यूएलवर नेले. डेबियन हे १९९३ पासून स्वयंसेवकांनी चालविलेले आहे. काट्यावरचा संगणक मात्र विंडोजवरच ठेवला, कारण वजनाच्या इंडिकेटरशी बोलणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नाही. हिशेब खात्याचे जुने विकतचे सॉफ्टवेअरही ठेवले. लेखापरीक्षकांना आणि कारकुनांना ते सरावाचे आहे आणि त्याचा परवाना आम्ही आता वाचला आहे.

नव्या प्रोग्रॅमच्या करारात चार गोष्टी घातल्या. प्रोग्रॅमची मालकी लेखी हस्तांतराने कारखान्याकडे, मुदत आणि क्षेत्र नमूद करून. प्रोग्रॅमची मूळ घडण प्रत्येक बदलानंतर कारखान्याच्या तिजोरीत. मशीनशी जोडलेली किल्ली नाही. आणि माहिती साध्या, कोणालाही वाचता येईल अशा नमुन्यात कधीही काढता आली पाहिजे.

सारे सुखासुखी झाले असे मात्र नाही. पहिला महिना ऑपरेटर मंडळी रात्री दहापर्यंत बसली. "पूर्वीचं बरं होतं" हे वाक्य आम्ही रोज ऐकले. मोठी अडचण वेगळीच निघाली. जुन्या प्रोग्रॅममध्ये सभासदांची नावे जुन्या मराठी फाँटच्या खास सांकेतिक अक्षरांत होती. तो फाँट नसला की नावाच्या जागी नुसती चिन्हे. मराठी अक्षरांसाठी सरकारी प्रमाण १९९१ मध्ये आले, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तरी कित्येक वर्षे प्रत्येकाने आपापला संकेत चालविला आणि त्याचे फळ आम्हाला भोगावे लागले. रूपांतर केले तर जोडाक्षरे तुटली. कोण्या 'कृष्णा'चे काही तरी भलतेच झाले. शेवटी याद्या छापून गटागटावर पाठविल्या आणि चिटबॉयांनी दारोदार जाऊन नावे तपासून आणली. आपले नाव बरोबर आहे ना, हे ज्यांनी चष्मा लावून पाहिले, त्या सर्वांचे आम्ही आभारी आहोत.

हंगामात एकदा मशीनचा वीजपुरवठा करणारा भाग गेला. दुसऱ्या मशीनवर सगळे चढविले. दुपारी बंद पडलेले काम दिवे लागणीला चालू झाले. कोणाला फोन करावा लागला नाही. बिल चौदा दिवसांच्या आत गेले.

सभासदांनी विचारायचे प्रश्न

आपल्यापैकी अनेक जण गावच्या विकास सोसायटीत, दूध संस्थेत, पतसंस्थेत पंच आहेत. केंद्राने २०२२ मध्ये देशातल्या ६३ हजार प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिचे सामाईक सॉफ्टवेअर नाबार्डमार्फत आहे. तेव्हा संगणकाचा विषय आता तुमच्याही टेबलावर येणार. आपल्या संस्थेने स्वतः काही घ्यायचे ठरविले, तर सही करण्याआधी एवढे विचारा:

मशीन मोडले तर हा परवाना दुसऱ्या मशीनवर जातो का? मोजणी कशावर आहे, माणसांवर, संगणकांवर की कोअरवर, आणि पुढच्या पाच वर्षांत ती किती वाढेल? माहितीला मर्यादा आहे का? दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळतील? वर्गणी थांबली तर आपली जुनी नोंद वाचता येते का? प्रोग्रॅम मुद्दाम लिहून घेतला असेल, तर मालकीचे लेखी हस्तांतर आहे का? विक्रेता उद्या धंदा बंद करून गेला तर आपण काय करणार? आणि खुले असेल, तर देखभालीचा माणूस कोण, त्याचा पगार कुठून?

हे प्रश्न विचारायला इंग्रजी लागत नाही आणि इंजिनीअरही व्हावे लागत नाही. जमीन घेताना आपण सातबारा पाहतो, वहिवाट कोणाची ते शेजाऱ्याला विचारतो, विहिरीत हिस्सा कोणाचा ते वाचून घेतो. तेवढीच ही गोष्ट आहे.

हा लेख छापायला देण्यापूर्वी आम्ही तो त्या नानांना त्यांच्या ओट्यावर बसून वाचून दाखविला. ऐकून म्हणाले, "समद्यांला कळंल असं लिहिलंय. पण येक ध्येनात ठेवा. किल्ली आता आपल्याकडं आली, पर ती येकाच माणसाच्या खिशात ठिवू नका. तो माणूस उद्या नोकरी सोडून गेला म्हणजे?"

पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेतला आहे. सभासदांनी अवश्य उपस्थित राहावे.